उन्हाची सवय आणि उन्हाचा वारसा

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त गुरुग्राम येथे झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या प्रसंगी मुख्याध्यापकांनी शाळेच्या वाटचालीचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. तो आढावा कार्यवाहांनी आपल्यासमोर नुकताच सविस्तर मांडला आहे, त्यामुळे मी त्याची पुनरुक्ती करत नाही. आज मी आपल्याशी एका वेगळ्याच विषयावर बोलणार आहे. वाढत्या उष्णतेला कीटक कसे तोंड देतात आणि ही सहनशक्ती त्यांच्या पुढच्या पिढ्यांत कशी उतरते, हा तो विषय. माझे पदव्युत्तर शिक्षण मराठी साहित्याचे. परंतु आमच्या विज्ञानशिक्षकांच्या सहवासात गेली काही वर्षे मी या विषयाचे वाचन करत आले आहे, आणि आपल्या शाळेशी त्याचा संबंध फार जवळचा आहे, असे मला दिवसेंदिवस अधिकच वाटू लागले आहे.

तो संबंध आधी सांगते. शाळेच्या पंचक्रोशीत तुतीची लागवड आता कोणाला नवी राहिलेली नाही. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील, भाऊ, चुलते आज गावाकडे रेशीम कीटकांचे संगोपन करतात. जालन्याला २०१८ साली रेशीम कोषांची बाजारपेठ सुरू झाली. तोवर कोषांची पोती घेऊन थेट कर्नाटकातील रामनगर गाठावे लागत असे. कोरडवाहू मराठवाड्यात महिन्याकाठी हाती पैसा देणारा हा जोडधंदा अनेक घरांचा मुख्य आधार झाला, आणि त्यावर आपल्या शाळेतील कित्येक मुलांच्या वह्या, गणवेश आणि पुढे शहरातील वसतिगृहाचे शुल्क निघाले. मात्र मार्च संपला की संगोपनगृहात काळजी सुरू होते. छपरावर गवत अंथरावे, पाण्याचे फवारे लावावेत, भोवती ओली पोती टांगावीत, हे सारे करूनही पारा उतरत नाही. प्रौढ अळीला मानवते ते तापमान २३ ते २५ अंशांचे, आणि बाहेर ४२-४३ अंश! शेवटच्या अवस्थेतील अळ्या पाला खाईनाशा होतात, रोगाला बळी पडतात, आणि चंद्रिकेवर चढण्याआधीच पीक हातचे जाते. अनेक शेतकरी आता भर उन्हाळ्यातील बॅच घेण्याचेच टाळतात.

आणि ज्या शहरात आज आपण जमलो आहोत, तेथील उन्हाचे मी आपल्याला काय सांगावे! १५ मे २०२२ रोजी या गुरुग्राममध्ये ४८.१ अंश सेल्सिअस तापमानाची नोंद झाली. अशा दिवशी आपण खोलीत यंत्र लावून बसतो. ज्याच्याजवळ यंत्र नाही, ज्याचे रक्तच भोवतालच्या हवेबरोबर तापते आणि निवते, त्या कीटकाने काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर शोधताना एक भेद मनात पक्का ठेवावा लागतो. मराठीत आपण म्हणतो, अमुक गोष्ट अंगवळणी पडली; आणि आपण असेही म्हणतो, अमुक गोष्ट त्याच्या रक्तातच आहे. पहिली ती सवय, दुसरा तो वारसा. कीटकाकडे या दोन्ही गोष्टी असतात. बोलताना आपण त्यांची सहज गल्लत करतो. निसर्गात मात्र त्यांचे मार्ग निराळे आहेत.

प्रथम सवयीचे पाहू. आपल्या शाळेचा पाया घातला गेला त्याच दशकाच्या आरंभी, १९६२ साली, फेरुचिओ रितोसा या इटालियन शास्त्रज्ञाने एक लहानसे निरीक्षण प्रसिद्ध केले. पिकलेल्या केळ्यांवर घोंघावणारे जे चिलट आपण सर्वजण ओळखतो, त्याच्या कुळातील एका माशीच्या अळ्यांवर तो काम करत होता. प्रयोगशाळेतील उबवणयंत्राचे तापमान कोणाकडून तरी वाढवले गेले, आणि त्या अळ्यांच्या लाळग्रंथींतील गुणसूत्रांवर त्याला काही ठिकाणी नव्यानेच फुगवटे आलेले दिसले. फुगवटा आला याचा अर्थ त्या जागेची जनुके जोमाने कामाला लागली. उष्णता लागताच जनुके जागी होतात, ही गोष्ट प्रथमच डोळ्यांना दिसली. त्या जनुकांपासून कोणती प्रथिने तयार होतात, हे पुढे १९७४ मध्ये दाखवले गेले. त्यांना उष्माघात-प्रथिने असे म्हणतात.

त्यांचे कार्य समजण्यास सोपे आहे. पेशीतील प्रत्येक प्रथिन विशिष्ट रीतीने घडी घातलेले असते आणि त्या घडीवरच त्याचे काम अवलंबून असते. उष्णतेने घड्या विस्कटतात. सुटलेली प्रथिने एकमेकांत गुंतून त्यांचा गोळा होतो. उकडलेल्या अंड्याचा पांढरा भाग घट्ट होतो तो याच कारणाने. लग्नघरात विस्कटलेल्या साड्यांच्या घड्या पुन्हा घालत बसणारी एखादी आत्या असते. पेशीतील तेच काम ही प्रथिने करतात. एखाद्या माशीला काही काळ सोसवेल इतक्याच उष्णतेत ठेवले, तर या प्रथिनांचा साठा तयार होतो आणि नंतरची तीव्र उष्णता ती निभावून नेते. परंतु हा साठा तिच्या पुरताच असतो. तिने भोगलेल्या उन्हामुळे तिची पिले अधिक काटक जन्मतात, असे मानण्याचे कारण नाही. ही झाली सवय.

या संशोधनात भारतीयांचा वाटा मोठा आहे, हे विद्यार्थ्यांना मी आवर्जून सांगते. उष्णतेने फुगणाऱ्या गुणसूत्रावरील जागांपैकी एक जागा बेंझामाइड या रसायनानेही एकटीच जागी होते, हे सुभाष लखोटिया आणि ए. एस. मुखर्जी यांनी १९७० साली कोलकाता येथे दाखवले. पुढे बनारस हिंदू विश्वविद्यालयात लखोटिया यांनी आपले आयुष्य त्याच जनुकाच्या अभ्यासात वेचले. ते जनुक प्रथिन बनवतच नाही. त्याचा आरएनए हाच उष्णतेच्या काळात पेशीतील व्यवहार आवरून धरतो. प्रथिन न बनवणारा आरएनए म्हणजे निरुपयोगी, अशी समजूत सर्वत्र प्रचलित असताना ते हे काम करत राहिले.

आता वारशाकडे वळू. त्यासाठी आपल्याला येथून फार दूर जावे लागत नाही. सत्तर-ऐंशी किलोमीटरवर रोहतक आहे. तेथील महर्षी दयानंद विद्यापीठात रवी प्रकाश आणि त्यांचे विद्यार्थी यांनी दक्षिण भारतापासून हिमालयाच्या पायथ्यापर्यंत निरनिराळ्या ठिकाणची चिलटे गोळा करून त्यांचा अनेक वर्षे अभ्यास केला. चिलटे एकाच जातीची, परंतु ठिकाणे निरनिराळी. ती सारी प्रयोगशाळेत सारख्याच तापमानात, सारख्याच अन्नावर वाढवली, तरीही त्यांच्यातील फरक पुसला गेला नाही. उत्तरेकडील चिलटे कोरड्या हवेत अधिक काळ तग धरत, दक्षिणेकडील चिलटे उपाशीपणी अधिक काळ जगत. उंचावरील आणि उत्तरेकडील चिलटांचा वर्ण अधिक गडद होता आणि गडद देहातून पाणी कमी उडून जात होते. परिस्थिती सारखी करूनही जो फरक टिकतो, तो सवयीचा असू शकत नाही. तो वारसा आहे.

हा वारसा घडतो कसा? येथे आमच्या उत्तरपत्रिकांत दर वर्षी एक वाक्य हमखास येते: ‘उष्णता वाढल्यामुळे कीटकांनी आपल्यात बदल घडवून आणले.’ वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, पण निसर्ग तसा चालत नाही. ऊन कोणालाही नवे जनुक देत नाही. एखाद्या ठिकाणच्या हजारो चिलटांत काही थोडी अधिक सोशिक असतात, काही कमी. हा भेद ऊन पडण्यापूर्वीच तेथे असतो. तीव्र उन्हाळा येतो तेव्हा कमी सोशिक असतात ती मरतात किंवा त्यांची अंडी कमी होतात. सोशिक असतात त्यांची संतती वाढते. काही पिढ्यांनी सारी वस्ती सोशिक दिसू लागते. ऊन निवड करते, निर्मिती करत नाही.

आपल्या गावाकडच्या शेतकऱ्याला हे पुस्तकाशिवाय समजले आहे. २००२ साली बीटी कपाशी आली तेव्हा बोंडअळी संपली, असे सर्वांना वाटले. पंधरा वर्षांनी, २०१७ च्या हंगामात, गुलाबी बोंडअळीने मराठवाड्यात आणि विदर्भात कपाशीची बोंडे पोखरून टाकली. अळीने काही नवी विद्या शिकून घेतली नव्हती. बीटीचे विष पचवू शकणाऱ्या मूठभर अळ्या मागे राहिल्या आणि त्यांचाच वंश वाढला. ज्या नियमाने अळी विषाला पुरून उरली, त्याच नियमाने ती उन्हालाही पुरून उरण्याची शक्यता असते.

आणि हे किती वेगाने घडू शकते, याचे एक उदाहरण युरोपातील आहे. तेथील चिलटांच्या एका जातीत गुणसूत्राचे काही तुकडे उलटे बसलेले आढळतात. त्यांतील काही रचना उन्हाळ्यात अधिक दिसतात, काही थंडीत. स्पेनमधील अभ्यासक अनेक वर्षे त्यांची मोजदाद करत आले होते. २०११ च्या वसंतात तेथे अवेळी उष्णतेची लाट आली, आणि वसंतातील चिलटांत एरवी भर उन्हाळ्यात दिसणारे प्रमाण दिसू लागले. लाट ओसरली, तसे प्रमाणही पूर्ववत झाले. वस्तीत दोन्ही प्रकारच्या रचना शिल्लक होत्या, म्हणूनच हे जाणे-येणे शक्य झाले.

एवढे ऐकून आपल्याला वाटेल की कीटकांची चिंता करण्याचे कारण नाही. ते काळाबरोबर बदलतच राहतील. येथेच सावध व्हावे लागते, आणि त्याची कारणे तीन आहेत.

पहिले कारण, प्रत्येक सोशिकपणाची किंमत मोजावी लागते. चिलटांत उष्माघात-प्रथिनाच्या जनुकाच्या जादा प्रती घालून पाहिले, तेव्हा त्या अळ्या तीव्र उष्णतेत अधिक तगल्या, परंतु त्यांची वाढ मंदावली. घड्या घालणाऱ्या आत्याबाई अष्टौप्रहर घरातच राहिल्या, तर स्वयंपाकघराचा कारभार अडतो, तसाच हा प्रकार. म्हणूनच निसर्गाने हे जनुक कायम चालू ठेवलेले नाही. अपवाद आहेत, सहाराच्या वाळवंटातील काही मुंग्या भर दुपारी, इतर प्राणी सावली शोधत असताना, अन्नासाठी बाहेर पडतात. त्या वारुळातून निघण्यापूर्वीच ही प्रथिने तयार ठेवतात, कारण तापलेल्या वाळूवर पोहोचल्यानंतर ती बनवण्यास वेळच उरत नाही. परंतु असा खर्च ज्याला परवडतो, त्यालाच तो करता येतो.

दुसरे कारण, मरणाच्या आधीच वंश थांबतो. प्रौढ चिलट ३८-३९ अंशांपर्यंत काही काळ तग धरते. परंतु ३० अंशांच्या आसपास वाढलेले नर बहुधा निर्बीज होतात. थंड प्रदेशातील चिलटांत ही मर्यादा थोडी आधी येते, उष्ण प्रदेशातील चिलटांत थोडी नंतर, आणि या फरकाचा काही भाग बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय गुणसूत्रात असल्याचे २००४ साली दाखवले गेले. फरक आहे, पण तो एखाद्या अंशाचा आहे. पारा मात्र तेवढ्यावर थांबत नाही.

तिसरे कारण आपल्या देशाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे. सहनशक्तीची वरची मर्यादा पिढ्यान्‌पिढ्या निवड करूनही फारशी वर सरकत नाही, असे निरनिराळ्या जातींच्या अभ्यासातून दिसते. थंड देशातील कीटकाला त्याच्या मर्यादेपर्यंत पुष्कळ अवकाश असतो. उष्ण कटिबंधातील कीटक मात्र आधीच त्या मर्यादेच्या जवळ राहत असतो. आपल्याकडील भुंगा, मधमाशी, फुलपाखरू उन्हाला सरावलेले आहेत, हे खरे. परंतु सरावलेला असणे आणि अधिक सोसण्यास वाव असणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता पुन्हा आपल्या संगोपनगृहात येऊ. रेशीम कीटक हा माणसाने हजारो वर्षे पाळलेला जीव आहे. त्याच्या पतंगाला आज उडताही येत नाही. ऊन-पावसाने करायची निवड त्याच्या बाबतीत माणसाने केली, आणि माणसाने निवडले ते रेशीम. समशीतोष्ण देशांतून आलेल्या, वर्षातून दोन पिढ्या होणाऱ्या, म्हणजे बायव्होल्टाइन जातीच्या एका कोषातून सुमारे हजार मीटर धागा निघतो. ‘प्युअर म्हैसूर’ किंवा बंगालची ‘निस्तारी’ यांसारख्या आपल्या जुन्या, वर्षभर पिढ्या होणाऱ्या जाती त्याच्या निम्माही धागा देत नाहीत. पण त्या आपल्या हवेत टिकून राहतात. अधिक रेशीम आणि अधिक सोशिकपणा ही दोन्ही वरदाने एकाच अळीला सहसा मिळत नाहीत.

म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेतील शास्त्रज्ञांनी या दोन टोकांत मेळ घालण्याचा प्रयत्न केला. शेवटच्या अवस्थेतील बायव्होल्टाइन अळ्या रोज काही तास ३६ अंशांच्या आसपासच्या उष्णतेत ठेवायच्या, त्यातून जगलेल्यांचीच अंडी घ्यायची, आणि हे पिढ्यामागून पिढ्या करत राहायचे. सीएसआर-१८ आणि सीएसआर-१९ यांचा संकर हे या प्रयत्नाचे एक फळ. ऊन जे काम रानात करते, तेच येथे माणसाने जाणीवपूर्वक केले. मात्र या कामासाठी आधी सोशिक अळ्या कुठेतरी असाव्या लागतात. उद्या आणखी दोन अंश सोसणारी जात हवी असेल, तर तिचे बीज कमी रेशीम देणाऱ्या एखाद्या जुन्या, कोणी न विचारलेल्या जातीतच सापडण्याचा संभव आहे. ती जात आपण आजच निरुपयोगी म्हणून टाकून दिली असेल, तर उद्या निवड करायला हाती काही उरणार नाही.

विदर्भात भंडारा, गडचिरोलीच्या जंगलांत ऐन आणि अर्जुनाच्या झाडांवर टसर रेशमाचा कीटक वाढतो. ढीवर समाजातील कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या त्याची राखण करत आली आहेत. या कीटकाने उन्हावर वेगळाच तोडगा काढला आहे. तो उन्हाळा सोसतच नाही. हिवाळ्याच्या अखेरीपासून पावसाळ्यापर्यंत कठीण कोषाच्या आत कोशितावस्थेत निजून राहतो. उन्हाशी लढणे, ऊन टाळणे, उन्हात झोपून राहणे, असे अनेक मार्ग निसर्गाने जपून ठेवले आहेत. कोणता मार्ग कधी उपयोगी पडेल, हे आधी ठरवता येत नाही.

पालकहो, या साऱ्यातून मला आपल्यासमोर दोन गोष्टी ठेवायच्या आहेत.

पहिली आपल्या मुलांविषयी. ‘आम्ही नाही का पत्र्याच्या वर्गात शिकलो? मुलांना उन्हाची सवय व्हायला हवी,’ असे अनेक पालक मला प्रेमाने सांगतात. सवय होते, पण तिला मर्यादा आहे. आणि वारसा बदलण्याइतका अवधी माणसाजवळ नाही. या शाळेच्या साठ वर्षांत आमच्या बाकांवर एकाच घरातील तिसरी पिढी बसली आहे. तेवढ्याच काळात केळ्यावरच्या चिलटाच्या सुमारे हजार पिढ्या होऊन गेल्या. ते ज्या शर्यतीत धावू शकते, त्या शर्यतीत आपण उतरूच शकत नाही. आपल्यासाठी झाडे, गार छप्पर, पिण्याचे पाणी आणि सकाळच्या वेळा हेच उपाय आहेत. हीरक महोत्सवी निधीतून वर्गांच्या छपरांचे काम प्रथम हाती घ्यावे, असा प्रस्ताव मी संस्थेपुढे ठेवला आहे, त्यामागचे कारण हेच.

दुसरी गोष्ट अभ्यासक्रमाविषयी. महाराष्ट्राच्या दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागातील पहिलाच पाठ ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा आहे. आपल्यापैकी ज्यांची मुले येथील केंद्रीय मंडळाच्या शाळांत शिकतात, त्यांच्या दहावीच्या पुस्तकातून मात्र २०२३ पासून उत्क्रांतीचा भाग वगळला गेला. तो आता बारावीत, जीवशास्त्र घेणाऱ्यांपुरता उरला आहे. दहावीनंतर जीवशास्त्र सोडणारी मुले बहुसंख्य असतात. त्यांतूनच पुढे बँकेत पीककर्ज मंजूर करणारा अधिकारी होतो, बियाण्यांचा व्यापारी होतो, धोरण ठरवणारा सचिव होतो, आणि शेतकरीही होतो. गुलाबी बोंडअळी परत का आली, हे ज्याला समजत नाही, तो पुढच्या बोंडअळीची तयारी कशी करणार? तेव्हा घरी, सुट्टीत, मराठी पाठ्यपुस्तक हाती घेऊन आपल्या मुलांना हा पाठ आपणच शिकवावा, अशी माझी विनंती आहे. मुलांचे मराठी वाचनही त्यानिमित्ताने होईल.

आम्हीही आमच्या परीने एक काम आरंभतो आहोत. येत्या वर्षापासून नववीचे विद्यार्थी आपापल्या घरच्या आणि शेजारच्या रेशीम संगोपनगृहांतील रोजचे किमान-कमाल तापमान, आर्द्रता, अळ्यांची जात, मर आणि कोषांचे वजन यांची नोंदवही ठेवतील. कोणत्या जातीने कोणता उन्हाळा कसा काढला, हे पाच-दहा वर्षांनी त्या वह्यांतून वाचता येईल. त्यासाठी तापमापके हवीत, नोंदी संगणकावर उतरवणारे आणि त्यांचा अर्थ लावण्यास मुलांना शिकवणारे जाणकार हवेत. या सभागृहात माहिती-तंत्रज्ञानात काम करणारे आपल्या शाळेचे किती विद्यार्थी बसले आहेत, हे मी पाहतेच आहे. महिन्यातून एक तास, गुरुग्रामहून दूरस्थ पद्धतीने, एवढीच अपेक्षा आहे. नावे कार्यालयातील सहकाऱ्यांकडे आजच नोंदवावीत.

गावी याल तेव्हा शाळेत जरूर यावे. नोंदवहीचे पहिले पान आपल्याला दाखवायला मुले उत्सुक असतील.